डावीकडची पूर्व

हणमंतकाका दर रविवारी सकाळी साडेदहाला मुनिरक्यातल्या आमच्या खोलीवर यायचे. साडेदहा म्हणजे साडेदहा. धुकं पडो, बस चुको, कुणा बड्या माणसासाठी रस्ता अडवलेला असो, जिन्यावर त्यांच्या बुटांचा आवाज त्याच वेळेला यायचा. दोन वर्षांत एकच रविवार असा गेला की ते आले नाहीत. त्या दिवशी मी त्यांच्यासाठी पहिल्यांदा घाबरले. ते का आले नाहीत हे सांगायचं, तर आधी माणूस ओळखीचा करून द्यायला हवा.

मी अक्षता, धाराशिवची. दिल्लीत आले कलेक्टर व्हायला आणि चार वर्षं पूर्वपरीक्षेच्या उंबऱ्यातच उभी राहिले. मुनिरक्यात एकटीला खोली परवडत नाही, म्हणून वैजयंती माझ्या वाट्याला आली. ती जवळच्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होती. हणमंतकाका तिचे वडील. मूळचे माण तालुक्यातले. सव्वीस वर्षं तोफखान्यात काढून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पोरीचं शिक्षण दिल्लीत चाललंय म्हणून गावी न जाता पालमला दोन खोल्यांत राहिले, आणि एका शाळेच्या गेटवर सुरक्षेचं काम बघू लागले.

तोफखाना म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस तोफा डागत असणार. काकांनी आयुष्यात एकही तोफ डागली नाही. ते सर्व्हेवाले. तोफ नेमकी कुठं उभी आहे आणि तिचं तोंड उत्तरेपासून किती वळलंय, हे मोजून देणं त्यांचं काम. त्या कामात अंश चालत नाहीत, अंश फार जाडेभरडे पडतात. पूर्ण वर्तुळाचे चौसष्टशे भाग करायचे, त्यातल्या एका भागाला मिल म्हणायचं. निवृत्त झाले तरी काकांच्या डोक्यातलं हे वर्तुळ काही निवृत्त झालं नाही. आमच्या खिडकीत उभं राहून, हात लांब करून, मूठ धरून त्यांनी शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी किती मिल रुंद दिसते ते मला सांगितलं होतं. मला त्याचा काय उपयोग, असं विचारलं तर म्हणाले, "उपयोग नाही गं. पण माहीत असावं."

तपासणीचं त्यांना भारी वेड. दूधवाल्याची पिशवी असो की माझा अर्ज, दोन माणसांनी बघितल्याशिवाय ती गोष्ट झाली असं ते मानायचेच नाहीत. "एकानं मोजायचं. मग दुसऱ्यानं मोजायचं, पण पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला सांगायचं नाही. सांगितलं की त्याचा डोळा तिकडंच जातो." वहीत चुकलेला आकडा खोडरबरानं पुसलेला त्यांना खपायचा नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा आणि सही. माझ्या नोट्समधली गिचमिड खाडाखोड बघून त्यांनी एकदा इतका जीवघेणा सुस्कारा टाकला की मी वही उचलून उशीखाली ठेवली.

आणि त्यांची आवडती गोष्ट राजस्थानातल्या गोळीबाराच्या रेंजची. ती मी निदान सहा वेळा ऐकली असेल. काका तेव्हा हवालदार होते. मोठे साहेब सराव बघायला आलेले, तोफा भरलेल्या, आणि हुकूम सुटायला दोन मिनिटं असताना काकांच्या लक्षात आलं की आपणच सकाळी दिलेला एक आकडा उलटा लिहिला गेलाय. तोफखान्याचा नियम असा, की धोका दिसला तर कुणीही 'स्टॉप' म्हणून ओरडायचं. अगदी लंगरातला स्वयंपाकी असला तरी. मग कुणी विचारत नाही तू कोण, सगळं जागच्या जागी थांबतं. काका ओरडले. सगळं थांबलं. चूक कुणाची, असं साहेबांनी विचारलं, तर हात वर करून म्हणाले, माझी. बढती चार वर्षं मागे गेली. ही गोष्ट सांगताना ते हसायचे, म्हणून मीही हसायचे. तिच्यात हसण्यासारखं काय होतं, ते आता मला सांगता येणार नाही.

आता वैजयंतीबद्दल. छावण्यांत वाढलेली पोर, आठ शाळा बदललेली. तिचं मराठी म्हणजे अर्धं हिंदी आणि उरलेलं हातवारे. ती ज्या ताऱ्यांचा अभ्यास करायची ते जोडीनं राहतात. जोडीतला एक मेलेला, कृष्णविवर झालेला. दुसरा जिवंत. मेलेला जिवंताचा वायू ओढून घेतो, तो वायू त्याच्याभोवती चकतीसारखा फिरत राहतो, तापतो आणि क्ष-किरण फेकतो. काही जोड्यांमधून दोन बाजूंना लांबलचक झोतही निघतात. हे सगळं इतकं दूर की कितीही मोठ्या दुर्बिणीतून बघितलं तरी ती चकती काही दिसत नाही. क्ष-किरणांचा एक ठिपका, बस्स. मग त्या ठिपक्याच्या आत काय कसं मांडलंय हे कळायचं कसं?

हे तिनं मला काकांच्या गॉगलवर समजावलं होतं. फौजेच्या कँटीनमधून आणलेला, चमक मारणारा उजेड अडवणारा गॉगल. तो घालून मोबाईलकडे बघायचं आणि मान हळूहळू तिरकी करायची. एका कोनात मोबाईलचा पडदा काळा ठिक्कर पडतो. "देख, प्रकाश म्हणजे थरथर आहे," वैजयंती म्हणाली होती. "साध्या प्रकाशात ती सगळ्या दिशांना असते. मोबाईलच्या प्रकाशात एकाच दिशेला. गॉगल ती दिशा पकडतो. क्ष-किरणांची पण अशी दिशा असते, ती मोजणारा उपग्रह वर आहे. ठिपका कितीही बारीक असू दे यार, थरथरीची दिशा लपत नाही." त्या दिशेची झोताच्या दिशेशी तुलना करायची. थरथर झोताच्या बाजूनंच असेल तर तापलेला वायू चकतीवर आडवा पसरलाय. झोताला काटकोनात असेल तर तो झोताबरोबर उभा आहे. अशा जोड्यांत तोवर बहुतेक वेळा पहिला प्रकार सापडला होता.

क्ष-किरणांचा कोन तिला उपग्रहाच्या माहितीतून नीट मिळाला, पंचेचाळीस अंश. अडलं ते झोतापाशी. झोत दिसतो रेडिओ दुर्बिणीच्या नकाशात, आणि तिच्या जोडीचा मिळाला तो एक जुना, पुसट नकाशा. शेजारी दुसराच एक ठळक डाग होता, संगणकाचं गणित दर वेळी त्या डागाकडे घसरायचं. शेवटी गाईड म्हणाले, मोठा छापून घे आणि हातानं मोज. दोघांनी मोजा, वेगवेगळं.

हातानं मोजायचं, दोघांनी, एकमेकांना न सांगता! वैजयंतीच्या डोळ्यांसमोर दुसरं कोण येणार? पुढच्या रविवारी काका आले आणि त्यांच्याबरोबरच आम्ही दोघी पालमला जेवायला गेलो, तेव्हा नकाशाची गुंडाळी तिच्या बगलेत होती. काकांनी जेवणाचं टेबल पुसलं, नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि फौजेतला आपला पारदर्शक कोनमापक काढला. दाढी केली, मग बसले. दहा वेळा मोजलं. दर वेळी कोनमापक उचलून नव्यानं ठेवला. सरासरी आली दोन हजार तीनशे ब्याऐंशी मिल. वैजयंतीनं मोबाईलवर अंश केले आणि पर्समधून घडी घातलेली चिठ्ठी काढली. आदल्या दिवशी तिनं स्वतः मोजलेलं त्यात लिहिलं होतं. तिथंही एकशे चौतीस, इथंही एकशे चौतीस.

बापलेकींनी उभं राहून हात मिळवले. वैजयंतीची आई, इंदुमतीकाकू, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "दोघांचं नाक सारखं, चालणं सारखं. रीडिंग काय वेगळं येणार होतं?" आम्ही सगळे हसलो. मी तर त्या दिवशी ठेच्याबरोबर तीन भाकऱ्या खाल्ल्या, मला बाकी काही आठवत नाही.

एकशे चौतीस आणि पंचेचाळीस. म्हणजे जवळपास काटकोन. म्हणजे ही जोडी इतरांसारखी नव्हती. शोधनिबंध चांगल्या नियतकालिकात छापून आला, परदेशातून लोकांनी पत्रं लिहिली, आणि त्यातल्या एका युरोपातल्या संस्थेनं दोन वर्षांची जागा देऊ केली. थीसिस जमा करायचा आणि निघायचं. निबंधाच्या शेवटी आभारांत एक ओळ होती, झोताच्या एकशे चौतीस अंशांच्या कोनाचं स्वतंत्र मोजमाप केल्याबद्दल नायब सुभेदार हणमंत जगदाळे (निवृत्त) यांचे आभार. काकांनी ते पान आकड्यासकट लॅमिनेट करून पालमच्या घरात देवाच्या फोटोशेजारी लावलं. पाहुणा आला की आधी पाणी, मग ते पान. शाळेच्या गेटवरच्या मंडळींनाही त्याची एकेक प्रत मिळाली होती. मी त्यांना चिडवायचे, "काका, तोफेनं इतक्या लांब कुणी नेम धरला नव्हता." ते लाजायचे. साठीला टेकलेला, मिशीवाला माणूस लाजताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मग फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेला विज्ञान दिन आला. संस्था त्या दिवशी सगळ्यांसाठी खुली असते. वैजयंती आपल्या पोस्टरसमोर शाळकरी पोरांना गॉगल घालून माना तिरक्या करायला लावत होती. काका कडक इस्त्रीच्या शर्टात आले होते. शेजारच्या दालनात आकाशाचा एक मोठा नकाशा टांगला होता, तो बघून ते थबकले. वर उत्तर, खाली दक्षिण, ठीक. पण पूर्व डावीकडे लिहिली होती! छपाईची चूक असणार असं वाटून त्यांनी तिथल्या मुलाला बाजूला घेतलं, चारचौघांत पंचाईत नको म्हणून. तो मुलगा हसला. "चाचाजी, जमीन हम ऊपर से देखते हैं, आसमान नीचे से. इसलिए उलटा." त्यानं नकाशा खुंटीवरून काढून काकांच्या डोक्यावर छतासारखा धरला आणि उत्तर उत्तरेकडे केली. पूर्व बरोबर पूर्वेला आली. काकांनी मान वर करून बराच वेळ बघितलं, त्याला शाबासकी दिली, आणि तब्येत बरी नाही असं लेकीला सांगून घरी गेले.

हे मला नंतर कळलं. तेव्हा इतकंच दिसलं की रविवारी साडेदहा वाजले, अकरा वाजले, बुटांचा आवाज नाही. फोन केला तर इंदुमतीकाकू म्हणाल्या, "झोपलेत." रविवारी सकाळी अकराला हणमंतकाका झोपलेत! वैजयंती म्हणाली, थकले असतील. ती थीसिसच्या शेवटच्या प्रकरणात बुडालेली होती. मला चैन पडेना.

मंगळवारी दुपारी ते आले. वैजयंती संस्थेत असते ती वेळ त्यांना पक्की माहीत होती. रविवारी आणतात तो डबा नव्हता, हातात फक्त नकाशाची गुंडाळी. "अक्षता, गच्चीवर येतेस का पाच मिनिटं?" मला वाटलं, घरात काही वाईट घडलंय. गच्चीवर त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं, सूर्याकडे आणि घड्याळाकडे बघून दिशा ठरवली आणि म्हणाले, "इकडं डोकं करून आडवी हो."

"काका, ती उत्तर आहे. उत्तरेला डोकं करून झोपतात का कुणी?"

"झोपायचं नाहीये, बघायचंय. मी पण आयुष्यात कधी झोपलो नाही गं. म्हणून तर कळलं नाही."

मी आडवी झाले. पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई हातातला टॉवेल तसाच धरून आमच्याकडे बघत राहिली. वरून एक विमान आलं, माझ्या डाव्या हाताकडून उजव्या हाताकडे, उतरणीला लागलेलं. काकांनी विचारलं, "कुठं चाललं?" मी म्हटलं, विमानतळाकडे. "म्हणजे?" पश्चिमेला. "मग पश्चिम तुझ्या कुठल्या हाताला आहे?" उजव्या. त्यांनी झोताचा नकाशा माझ्या तोंडासमोर धरला. "आणि मी यात पूर्व कुठल्या हाताला धरली होती?"

मला खगोलातलं काही कळत नाही, पण इतकं कळलं. आकाशातले कोन उत्तरेपासून पूर्वेकडे मोजतात. काकांनी उत्तरेपासून उजवीकडे मोजले, जसे सव्वीस वर्षं मोजले तसे. आकाशाच्या नकाशात उजवीकडे पश्चिम असते. त्यामुळे एकशे चौतीस हा झोताचा कोन नव्हताच. एकशे ऐंशीतून तो वजा करायचा होता. सेहेचाळीस. क्ष-किरणांचा कोन पंचेचाळीस. काटकोन गेला. ही जोडी इतरांसारखीच निघाली, चारचौघींसारखी.

पीएचडीवालीला हे ठाऊक नव्हतं का, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. होतं की! परीक्षेत विचारलं असतं तर तिनं डोळे मिटून सांगितलं असतं. पण कोनमापक हातात घेतला तेव्हा हात सहा वर्षांच्या वैजूचा झाला. छावणीच्या मैदानात बापानं तिला उत्तरेकडे तोंड करून उभं केलं होतं आणि सांगितलं होतं, उजवा हात पूरब, विसरायचं नाही. ती विसरली नाही. आणि दुसऱ्या माणसाचं मोजमाप तंतोतंत जुळल्यावर शंका यायला जागाच कुठं राहिली? निबंधात नुसता आकडा छापला होता, त्यामुळे तपासणाऱ्यांच्याही नजरेतून सुटलं.

काका पाण्याच्या टाकीला टेकून बसले. "चार दिवस झाले मला कळून. चार दिवस मी स्टॉप म्हटलं नाही." त्यांनी नकाशाची गुंडाळी केली. "तेव्हा साहेबासमोर दोन मिनिटांत ओरडलो. तेव्हा माझी बढती जाणार होती, जाऊ दे म्हटलं. आता पोरीचं जाणार आहे. तोंडच उघडत नाही माझं."

आता मी काय म्हणाले ते सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी म्हणाले, "काका, राहू द्या ना. थीसिस होऊ दे, ती तिकडं पोचू दे. कुणाला कळणारे?" आमच्या खोलीत माझ्या पलंगाशेजारच्या भिंतीवर मी नीतिशास्त्राच्या पेपरचे मुद्दे चिकटवले होते, सचोटी, उत्तरदायित्व, पारदर्शकता, वेगवेगळ्या रंगांत. काकांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुला तिची काळजी आहे म्हणून बोललीस." त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी वैजयंती आली तेव्हा ते खोलीत खुर्चीवर ताठ बसले होते. तिनं बॅग टाकली, "अरे पप्पा, आज मंगळवार!" काका उभे राहिले आणि म्हणाले, "स्टॉप."

ती हसली. मग त्यांचा चेहरा बघून थांबली. त्यांनी नकाशा पसरला आणि दोन वाक्यांत सांगितलं. तिनं लॅपटॉप उघडला, काही तरी तपासलं, बंद केला, न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. मुनिरक्यात पाणी फक्त तासभर येतं. तो सगळा तास नळ वाहत राहिला आणि आम्ही दोघं बाहेर एकमेकांकडे न बघता बसून राहिलो.

बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. "पप्पा, रीडिंग मी पण घेतलं होतं. चूक माझी आहे. मी पीएचडी करते, तुम्ही नाही."

"तुला शिकवलं कुणी?"

"ते जमिनीसाठी बिल्कुल बरोबर होतं."

"होतं. पण दुसरा माणूस म्हणून तू मला बसवलंस, आणि मी बसलो. बाळा, तुला मी शिकवलंय. मी तपासणं म्हणजे तूच दुसऱ्यांदा तपासणं. हे मला समजायला पाहिजे होतं. इतकी वर्षं नियम सांगत फिरलो, पण दुसरा माणूस दुसऱ्या घरचा लागतो, हे मला कधी सुचलं नाही."

तिनं तिथंच, आमच्यासमोर गाईडना फोन लावला. सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "किसने पकड़ा?" वैजयंती म्हणाली, "पापा ने." मग ते म्हणाले, नकाशा घे, नवीन माणसाकडून मोजून घे, मग नियतकालिकाला आपण दोघं मिळून लिहू.

पुढचं आधीच सांगून टाकते. दुरुस्तीचं पत्र छापून आलं. थीसिसची दोन प्रकरणं नव्यानं लिहावी लागली, सात महिने गेले. युरोपातल्या लोकांनी सभ्यपणे कळवलं की आता ती जागा दुसऱ्या कुणाला दिली आहे. वैजयंती त्या दिवशी जेवली नाही. मला त्या लोकांचा अजून राग येतो, त्यांची चूक नसली तरी. वर्षभरानं तिला बेंगळुरूला जागा मिळाली, त्यापेक्षा लहान. मुलाखतीत तिला विचारलं होतं, तुमचा निष्कर्ष चुकला हे तुम्हाला कसं कळलं? तिनं गच्चीवरचं विमान सांगितलं. मी पुढे परीक्षा सोडली. नीतिशास्त्रात मला बरे गुण पडले असते की नाही, हा प्रश्न आता उरला नाही.

पण सांगायचं आहे ते त्या मंगळवारनंतरच्या रविवारचं. साडेदहाला जिन्यावर बूट वाजले. काकांच्या एका हातात डबा होता, दुसऱ्या हातात ते लॅमिनेट केलेलं पान, देवाच्या फोटोशेजारून काढलेलं. वैजयंती म्हणाली, "फाडून टाका ना पप्पा ते. दुरुस्तीच्या पत्रात मी तुमचं नाव घालणार नाही. चूक माझ्या एकटीच्या नावावर जाऊ दे." काकूंनीही म्हणे हेच सांगितलं होतं, पाहुण्यांना काय दाखवायचं आता.

"नाव काढायचं नाही," काका म्हणाले. "रीडिंग माझं होतं. चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे."

त्यांनी माझ्याकडून कात्री घेतली, पानाच्या कडा कापल्या आणि प्लास्टिक सोलून काढलं. कागद थोडा फाटला. पट्टी ठेवून एकशे चौतीसवर एक सरळ रेघ मारली. शेजारी सही केली, तारीख घातली. बरोबर आकड्याची जागा मोकळी ठेवली. मग नकाशा माझ्या पलंगावर पसरला, चार कोपऱ्यांवर माझीच चार जाडजूड पुस्तकं ठेवली आणि कोनमापक माझ्या हातात दिला.

"मी? काका, मी इतिहासवाली आहे."

"म्हणून तर. पूर्व डावीकडे आहे, एवढंच सांगतो. बाकी तुझं तू बघ."

हे दोघं उत्तर जाणत होते, मीही जाणत होते, म्हणून काकांनी नकाशावरची उत्तरेची रेघ कागदानं झाकली आणि नकाशा हवा तसा तिरका केला. मी कोनमापक पलंगाच्या कडेशी सरळ ठेवून झोताची पुसट रेघ डावीकडे किती वळलीय तेवढा आकडा वाचायचा, नकाशाचा तिरकेपणा वैजयंतीनं नंतर मोजून वजा करायचा. दहा वेळा. आणि माझ्या हाताला काही कळू नये म्हणून बापलेक दोघंही भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, माझ्या त्या रंगीत मुद्द्यांकडे. काकांनी हात पाठीमागे बांधले होते. ते एकमेकांत अडकवून इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली होती. दर वेळी मी कोनमापक उचलून नव्यानं ठेवला, जसं त्यांना करताना पाहिलं होतं.

वैजयंतीनं माझे दहा आकडे घेतले आणि वजाबाकी केली. काका अजून भिंतीकडेच बघत होते.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सेहेचाळीस, पप्पा."

ते वळले. डोळे पुसले, लपवले नाहीत. पेन उघडून माझ्यापुढे धरलं. "कोन मोजायला कुठं शिकलीस, अक्षता?"

"धाराशिवला. जिल्हा परिषदेच्या शाळेत."

"मग बरोबर असणार," काका म्हणाले. "कर सही."